राज्यपालांच्या सात सूचना आणि एक हँडल

मित्रांनो, मी एक जुनी सायक्लोस्टाइल मशीन आहे. हे नाव तुमच्यापैकी निम्म्यांनी ऐकलेले नसेल, आणि ज्यांनी ऐकले आहे ते आता आजोबा झाले असतील. म्हणून आधी ओळख करून देते. माझ्या पोटात एक लोखंडी पिंप आहे. त्यात काळी शाई भरायची. मेणाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर टोकदार लेखणीने लिहायचे. या कागदाला स्टेन्सिल म्हणतात. जिथे लेखणी फिरते तिथले मेण निघते. मग तो कागद पिंपावर गुंडाळायचा आणि उजव्या बाजूचे हँडल फिरवायचे. एकीकडून कोरा कागद आत जातो, दुसरीकडून छापलेला बाहेर पडतो. वीज नको, बटण नको, फक्त कुणाचा तरी दंड हवा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझा शेवटचा स्क्रू पिळताना कारागिराला जोराची शिंक आली. तेव्हापासून दर चौथ्या फेऱ्याला माझ्यातून 'खट्' असा आवाज येतो. पुष्कळ जणांनी तो दुरुस्त करायचा प्रयत्न केला, पण स्वभावाला औषध नसते. लाकडी खोक्यात, पेंढ्याच्या गादीवर बसून मी या शाळेत आले, आणि मुख्याध्यापकांच्या कार्यालयामागच्या चिंचोळ्या खोलीत माझी स्थापना झाली. या खोलीचे दुसरे दार तिसरीच्या वर्गात उघडते. त्या दाराने मला जेवढे ऐकवले तेवढे शाळेतल्या कुठल्याही खुर्चीने ऐकले नसेल.

सुरुवातीला मी फक्त परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापायची. त्या दिवसांत माझ्या खोलीवरून जाताना पोरे माझ्याकडे अशी बघत, जणू गणित मीच शोधून काढले. मला वाईट वाटायचे. आपण लोखंडाचे असलो तरी कुणी आपल्याला पाहून तोंड वाकडे करावे, हे बरे नाही.

मग तिसरीच्या बाई आल्या. त्यांना सगळी शाळा 'तिसरीच्या बाई' म्हणायची, कारण त्यांनी दुसरा वर्ग कधी मागितलाच नाही. 'वाचायला येणं न येणं तिसरीत ठरतं,' असे त्या म्हणत. त्यांचे अक्षर गोल आणि ठसठशीत होते. दर शनिवारी त्या स्वतः स्टेन्सिलवर एक लहानशी गोष्ट लिहायच्या, कडेला चित्र काढायच्या आणि पदर खोचून माझे हँडल फिरवायच्या. एका गोष्टीत शिंप्याचा चष्मा हरवायचा, दुसरीत एक बदक दवाखान्यात जाऊन रांगेत उभे राहायचे. प्रत्येक मुलाला घरी न्यायला एक कागद मिळे. पोरे तो नाकाला लावून शाईचा वास घेत आणि मग वाचत. खरे सांगते, मित्रांनो, ती माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची वर्षे. शनिवारी माझा 'खट्' ऐकू आला की तिसरीचा वर्ग एकदम गप्प व्हायचा आणि मान वर करायचा.

आता आमच्या मुख्याध्यापकांविषयी सांगायला हवे. पोरे त्यांना 'हेडसर' म्हणत. माणूस सज्जन, कुणाला वाकडे बोलायचा नाही. पण वरून आलेला कागद पाहिला की त्यांच्या तोंडचे पाणी पळे. पत्र उघडण्याआधीच ते रुमालाने मान पुसायला लागत. कागदावरचा कुठलाही रकाना कोरा सोडायचा नाही, हा त्यांचा एकमेव नियम. आणि त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असे: 'पाच मिनिटांचं काम आहे.'

अशातच नवे राज्यपाल आले. त्यांना सर्दीचा त्रास होता आणि शिक्षणाची कळकळ होती. दोन्ही गोष्टी रेडिओवरून सगळ्या राज्याला ऐकू आल्या. सार्वजनिक शाळा सुधारण्यासाठी त्यांनी सात सूचना केल्या. शिक्षकांच्या खोलीत रेडिओभोवती सगळे जमले होते आणि मधली दारे उघडी असल्याने मीही कान देऊन होते. पहिली सूचना अशी, की शिक्षकांवरचे कागदी काम कमी करावे. टाळ्या पडल्या. तिसरीच्या वर्गात रोज अर्धा तास मोठ्याने वाचन घ्यावे, ही दुसरी. आमच्या बाई जागेवरून उठूनच टाळ्या वाजवू लागल्या. पुढे प्रत्येक शाळेत वाचनकक्ष असावा, महिन्यातून एकदा पालकांनी वर्गात येऊन बसावे, एका वर्गात चाळीसच्या वर मुले नसावीत, प्रत्येक खिडकीतून उजेड यावा, असे एकेक येत गेले. सगळे शहाणपणाचे होते. त्यात खोट काढायला जागा नव्हती. शेवटी राज्यपाल शिंकले आणि जाता जाता सातवी सूचना बोलून गेले: वरील सहा सूचनांचे काय झाले, ते प्रत्येक शाळेने दर पंधरा दिवसांनी लेखी कळवावे.

तेव्हा सगळे टाळ्या वाजवण्यात दंग होते. हेडसरांनी मात्र मान पुसली.

आठवड्यात शिक्षण कार्यालयातून प्रपत्रे यायला लागली. प्रपत्र म्हणजे रकाने आखलेला कागद, ज्यात आपण काय केले ते लिहायचे असते आणि लिहिण्याच्या नादात ते करायचे राहून जाते. खिडक्यांच्या उजेडाचे एक, वाचनकक्षाचे एक, पालकांचे एक. कागदी काम कमी झाले का, हे विचारणारे सगळ्यांत लांब होते. त्याचा क्रमांक नऊ. प्रत्येक प्रपत्र भरून अकरा प्रतींत परत पाठवायचे, कारण कार्यालयात अकरा टेबले होती आणि कुठल्याच टेबलाचा दुसऱ्यावर विश्वास नव्हता.

बाकीच्या शाळा कार्बन पेपर घालून हाताने प्रती काढत बसल्या. हेडसरांना माझी आठवण झाली. प्रश्न दर पंधरवड्याला तेच, मग उत्तरेही तीच असणार. तेव्हा प्रश्न आणि उत्तरे एकदाच स्टेन्सिलवर लिहून ठेवावी, तारखेची जागा तेवढी मोकळी सोडावी, अशी त्यांनी युक्ती काढली. माझ्यावर स्टेन्सिल चढवता येत असे फक्त एका माणसाला. हेडसरांनी तिसरीच्या वर्गात डोकावून म्हटले, "बाई, जरा येता? पाच मिनिटांचं काम आहे."

बाई आल्या. त्या दिवशी दुपारपर्यंत परत गेल्या नाहीत.

आमची प्रपत्रे राज्यात सगळ्यांत आधी पोचली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण आमचा बैल घाण्याला जुंपला गेला. कार्यालयाने हेडसरांची पाठ थोपटली आणि लगेच कळवले की तुमच्याकडे यंत्र आहेच, तर शेजारच्या चाळीस शाळांचीही प्रपत्रे छापून द्यावीत. हेडसरांना नाही म्हणता येत नव्हते. मग बाईंची पाच मिनिटे सकाळी सुरू होऊ लागली आणि शाळा सुटताना संपू लागली.

त्यांनी एकदाच विरोध केला. हातातली लेखणी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "सर, वर्गात एकेचाळीस मुलं आहेत. चौदा वाचायला लागलीत. बाकीची अगदी उंबरठ्यावर आहेत. आत्ता हात सोडला तर तिथंच राहतील, मग पुढं कुणी ओढून नेणार नाही."

हेडसर फार ओशाळले. पण तेवढ्यात टपाल आले आणि त्यांनी मान पुसली. बाईंनी पुन्हा लेखणी उचलली. मी गप्प होते. मला बोलता येत नाही म्हणून नव्हे, तर अपराधी वाटत होते म्हणून. माझ्यामुळेच त्या अडकल्या होत्या. माझे हँडल मोडून पडावे, असे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले. पण कारखान्याने मला फारच मजबूत बनवले होते.

तिसरीचा वर्ग सांभाळायला शिपाईमामांना बसवले. मामा दारात स्टूल टाकून बसायचे. त्यांचा आवाज एवढा खडा, की पोरे गप्प बसत. पण गप्प बसणे म्हणजे शिकणे नव्हे, हे मामांनाही कळत होते. पोरांना काहीतरी विरंगुळा हवा म्हणून त्यांनी माझ्याकडची रद्दी उचलून नेली. माझी पहिली पंधरा-वीस पाने नेहमी फिकी किंवा डागाळलेली निघतात. ती पाठकोरी पाने त्यांनी चित्रे काढायला वाटली.

पोरांनी एका दिवसात पाठीमागे चित्रे काढली आणि दुसऱ्या दिवशी कागद उलटून पाहिले. बाईंचेच गोल अक्षर. शनिवारची गोष्ट बंद झाली होती, तेव्हा पोरे हीच गोष्ट समजून वाचू लागली. ज्या चौदा जणांना वाचता येत होते ते मोठ्याने वाचत आणि उरलेले ऐकत. सर्वांत पुढे असायची 'भोंगा'. ही वर्गातली सर्वांत बुटकी मुलगी, पण आवाज असा, की ती हळू बोलली तरी पटांगणापलीकडे ऐकू जाई. म्हणून हे नाव.

परिणाम व्हायचा तोच झाला. एक आई तक्रार घेऊन आली. तिचा मुलगा जेवताना म्हणाला होता, "भाजी प्राप्त झाली, पोच देत आहे." दुसऱ्या एकाने रजेच्या चिठ्ठीत लिहिले, 'विषय: पोट दुखत असल्याबाबत. संदर्भ: कालचे जेवण.' दोन मुलींचे भांडण झाले, तेव्हा एक म्हणाली की सदर मैत्री पुढील आदेशापर्यंत स्थगित आहे. भोंगाच्या घरी तिच्या आत्याने विचारले, की तू मोठी होऊन कोण होणार, डॉक्टर की शिक्षिका? तिने उत्तर दिले, 'लागू नसेल ते खोडा.' आत्याने म्हणे दोन दिवस यावर विचार केला.

दरम्यान आमची शाळा सूचनांच्या अंमलबजावणीत राज्यात पहिली आली. खरे तर आमच्या वर्गात एक मूल जास्त होते. पण एकेचाळिसाव्याला कागदावर पालक दाखवले होते, त्यामुळे दोन सूचना एकदमच पाळल्या गेल्या. ही उत्तरे कार्यालयातल्या अकरा टेबलांपैकी कुणी वाचत होते का? मला तरी शंका आहे. आणि पहिला नंबर आला म्हटल्यावर राज्यपालांनी स्वतः शाळा पाहायला यायचे ठरवले.

हेडसरांना त्या दिवशी तीन रुमाल लागले. सगळ्यांत मोठी अडचण वाचनकक्षाची होती. प्रपत्रात तो चार महिन्यांपासून सुरू होता, शाळेत मात्र त्याला जागाच नव्हती. म्हणून माझी खोली रिकामी केली, दोन खुर्च्या टाकल्या, दारावर 'वाचनकक्ष' अशी पाटी लावली. मला ढकलत तिसरीच्या वर्गाच्या कोपऱ्यात आणले, अंगावर फुलाफुलांचा टेबलक्लॉथ टाकला आणि डोक्यावर फुलदाणी ठेवली. आयुष्यभर शाई प्यायलेल्या बाईने म्हातारपणी असा नट्टापट्टा करावा, याची मला लाज वाटत होती. पण कापडाला एक भोक होते. त्यातून मला सगळे दिसत होते.

राज्यपाल तिसरीच्या वर्गात आले. टेबलावर हेडसरांनी नवी कोरी पुस्तके मांडून ठेवली होती. एका हुशार मुलाकडून पहिल्या पुस्तकाचे पहिले पान पाठही करून घेतले होते. राज्यपालांनी पुस्तक हातात घेतले, त्याची न उघडलेली कड पाहिली आणि ते खाली ठेवले.

"हे नको," ते म्हणाले. "तुम्ही रोज जे वाचता, ते कुणीतरी वाचून दाखवा."

हेडसर काही बोलायच्या आत भोंगाने दप्तरातून माझ्या कागदांचा गठ्ठा काढला होता. ती उभी राहिली आणि मान ताठ करून वाचू लागली.

"प्रपत्र क्रमांक नऊ. विषय: शिक्षकांवरील कागदी काम कमी केल्याबाबत. प्रश्न एक. आपल्या शाळेत कागदी काम कमी झाले आहे काय? उत्तर: होय. प्रश्न दोन. कमी झाल्याचा पुरावा म्हणून किती कागद जोडले आहेत? उत्तर: बावीस."

तिचे वाचन सुरेख होते, हे मला सांगायलाच हवे. प्रत्येक पूर्णविरामाला ती श्वास घेत होती, बाईंनी शिकवला होता तसा.

"प्रश्न सहा. तिसरीच्या वर्गात रोजचे वाचन कोण घेते? उत्तर: तिसरीच्या बाई. प्रश्न सात. सदर शिक्षक सध्या कोठे आहेत? उत्तर: कार्यालयात, हे प्रपत्र भरत आहेत."

पहिले उत्तर हेडसरांनी सांगितलेले होते. बाकीची बाईंनी आपल्या मनाने लिहिली होती. खोटे लिहिता येत नव्हते आणि रकाना कोरा सोडायचा नव्हता. ते सातवे उत्तर चार महिने दर पंधरवड्याला अकरा प्रतींत अकरा टेबलांवर फिरत होते. मीच छापले होते ते. वाचले मात्र या पोरांनीच.

राज्यपालांनी खुर्ची ओढली आणि ते भोंगाच्या समोर बसले. "छान वाचतेस. वर्गातले सगळे असंच वाचतात?"

"नाही," भोंगा म्हणाली. "आम्ही चौदाजण वाचतो. बाकीचे ऐकतात."

"मग बाकीच्यांचं कसं होणार?"

"बाई परत आल्या की तेही वाचतील," ती म्हणाली. "त्या पलीकडच्या खोलीतच आहेत. लांब नाहीत."

मित्रांनो, माझ्या पिंपात त्या क्षणी शाई होती म्हणून बरे; दोन थेंब ठिबकले ते शाईचेच वाटले, नाहीतर लोकांना वाटले असते की मशीन रडते आहे. मागच्या बाकावरची पोरे राज्यपालांकडे बघत होती. वर्गातली सत्तावीस पोरे अजून उंबरठ्यावरच उभी होती आणि ते त्यांना ठाऊक होते.

राज्यपाल खुर्चीवरून उठले. मग त्यांनी हेडसरांना विचारले, की ही प्रपत्रे कुणाच्या सूचनेवरून निघाली. हेडसरांनी मान पुसली, रुमाल खिशात ठेवला आणि सांगितले, "आपल्याच, साहेब. सातव्या."

"आणि कागदी काम कमी करा, ही पहिली," राज्यपाल म्हणाले. "दोन्ही मीच लिहिल्या. एकाच पानावर. माझ्या लक्षात आलं नाही."

एवढा मोठा माणूस चूक कबूल करतो, हे मी पहिल्यांदाच पाहिले. ते वाचनकक्ष पाहायला गेले नाहीत. थेट हेडसरांच्या कार्यालयात गेले. उघड्या दारांतून मला दिसले, त्या दिवशीच्या टपालासाठी बाई शाईने माखलेल्या हातांनी चाळीस शाळांचे गठ्ठे बांधत होत्या. राज्यपालांनी त्यांच्या हातातली सुतळी घेतली आणि तिसरीच्या वर्गाकडे बोट दाखवले. दुसऱ्या दिवशी राज्यपालांनी रेडिओवर सातवी सूचना रद्द केल्याचे सांगितले. या खेपेला ते शिंकले नाहीत.

इथे माझी गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण हत्ती जातो आणि शेपूट अडकते. आठ दिवसांनी शिक्षण कार्यालयाचे पत्र आले. सर्व प्रपत्रे बंद झाली आहेत, असे प्रत्येक शाळेने प्रमाणित करून कळवावे. अकरा प्रतींत. तुमच्याकडे यंत्र आहेच, तर शेजारच्या चाळीस शाळांचेही प्रमाणपत्र छापून द्यावे.

मी तोवर माझ्या खोलीत परत आले होते. हेडसर पत्र हातात घेऊन माझ्या समोर उभे राहिले. त्यांनी मान पुसली. मग तिसरीच्या दाराकडे पाहिले. आतून बाईंचा आवाज येत होता आणि एक मुलगा शिंप्याच्या चष्म्याची जुनी गोष्ट अक्षर जुळवत वाचत होता. तो चौदांपैकी नव्हता. 'ह-र-व-ला' एवढ्यावर तो तीनदा अडला. मी मनातल्या मनात म्हटले, आता ते वाक्य येणार. पाच मिनिटांचे काम.

हेडसरांनी दार हळूच लोटून घेतले आणि कोट काढला. ते खाली बसले आणि स्टेन्सिलवर स्वतः लिहायला लागले. त्यांचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लेखणी दाबून धरल्यामुळे मेणाबरोबर कागदही फाटला. दुसरा घेतला, तो उलटा चढवला. हँडल उलटे फिरवल्यावर मी त्यांच्या सदऱ्यावर शाई उडवली. मुद्दाम नाही हो, माझा नाइलाज होता. कपाळावरचा घाम त्यांनी शाईच्याच हाताने पुसला आणि ते कोपरापर्यंत काळे झाले. तरी त्यांनी हँडल सोडले नाही. अर्ध्या तासात तीन वाचता येण्याजोगे कागद निघाले.

माझा 'खट्' ऐकून दार उघडले. दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी हेडसरांचे तोंड पाहिले, माझी अवस्था पाहिली आणि पदर खोचायला हात नेला.

"सर, मी करून देऊ? तुम्हाला जमणार नाही."

"नाही जमत," हेडसर म्हणाले. "तुम्ही वर्गात जा."

बाई गेल्या. दार उघडेच राहिले. त्या दुपारी हेडसर हँडल फिरवत होते आणि पलीकडून वाचन ऐकत होते. तो मुलगा अखेर 'हरवला' म्हणाला, एका दमात, तेव्हा हेडसरांचा हात मध्येच थांबला. माझ्यातून एक कागद कोराच बाहेर पडला. त्यांनी तो उचलला नाही.

मित्रांनो, आता मला फारसे काम नसते. शाई सुकली आहे, हँडल गंजले आहे. तुम्ही कधी या खोलीत आलात तर दोन थेंब तेल घाला, मला बरे वाटेल. नाही घातले तरी चालेल. पण वर्गात कुणी शिकवत असेल आणि तुमच्या हाती एखादा तातडीचा कागद असेल, तर दारावर टकटक करू नका. तो कागद तुमचा तुम्ही भरा. अक्षर वाईट आले तरी चालते, वरचे लोक वाचत नाहीत.